वहीचं पहिलं पान

मंडळी, दुसऱ्याकडून घेऊन बसवलेली किडनी ओटीपोटात एका बाजूला असते, हाताला लागते. पण तिच्या रक्तवाहिन्या जोडता येतात, दुखणं कळवणारे मज्जातंतू जोडत नाहीत. म्हणून शरीरानं तिच्यावर हल्ला सुरू केला तरी बहुतेकदा काहीच दुखत नाही.

इंदापूरच्या एक ताई पहाटेच्या एसटीनं स्वारगेटला उतरून तपासणीला यायच्या. किडनी त्यांच्या आईची. वहीत क्रिएटिनीनचे, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते त्या कचऱ्याचे आकडे: ०.८, ०.९, १.०, १.१. एकाही रिपोर्टवर लाल खूण नाही. मी दरवेळी शेवटचा आकडा बघून ‘छान’ म्हणत गेलो. पहिल्या पानापासून वाचलं असतं, तर वाढ जवळपास ३८ टक्के दिसली असती. बायोप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, रिजेक्शन निघालं, म्हणजे शरीराचा तोच हल्ला. औषधांनी ते थांबलं, पण आकडा पुन्हा ०.८ वर आला नाही. ती वही मी विसरलेलो नाही.

क्रिएटिनीन उशिरा बोलतं. गाळण्याचं काम बऱ्यापैकी बिघडल्यावरच ते चढतं. बायोप्सी खरं सांगते, पण त्यासाठी सुई घालून शेवईच्या तुकड्याएवढा भाग काढावा लागतो, काही तास पडून राहावं लागतं, रक्तस्रावाचा थोडा धोका असतो. ती दर महिन्याला कशी करणार?

मग रक्तातूनच काही कळेल का? पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात आणि साधारण तासा-दोन तासांत निम्मे नाहीसे होतात. किडनीच्या पेशींचे तुकडे दात्याचे, म्हणून वेगळे ओळखता येतात. किडनी शांत असेल तर त्यांचं प्रमाण सहसा एक टक्क्याच्या खाली राहतं. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच एक टक्क्याची रेषा धरली होती. अँटिबॉडीमुळे, म्हणजे शरीर बनवतं त्या संरक्षक प्रथिनांमुळे होणारं रिजेक्शन तिनं चांगलं पकडलं, शरीराच्या संरक्षक पेशींमुळे होणारं सौम्य रिजेक्शन मात्र निसटलं.

इथे जरा थांबू या. टक्केवारी म्हणजे भागाकार. दात्याचे तुकडे वर, एकूण तुकडे खाली. रक्ताची नळी साधी असली आणि प्रवासात पांढऱ्या पेशी फुटल्या, तर तुमचाच डीएनए वाढतो आणि टक्का खोटा कमी दिसतो. म्हणून पेशी टिकवणारी खास नळी लागते. शिवाय ही चाचणी दोघांतल्या फरकावर चालते. आई आणि लेकीत निम्मी जनुकं तीच, त्यामुळे फरकाच्या जागा कमी. आपल्याकडे बहुतेक किडन्या घरातल्याच माणसांच्या, तेव्हा हे ध्यानात ठेवायलाच हवं. एकसारख्या जुळ्यांत तर ती चालतच नाही.

लघवीवरही काम झालंय. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात ४८५ रुग्णांचे ४,३०० नमुने तपासले. लघवीतल्या पेशींमधल्या आरएनएच्या, म्हणजे जनुकांचा निरोप नेणाऱ्या रेणूंच्या खुणा बायोप्सीच्या आधीच्या २० दिवसांत ठळक चढत गेल्या होत्या. सीएक्ससीएल-९ आणि १० ही प्रथिनंही अशीच चढतात, मात्र बसवलेल्या किडनीला त्रास देणाऱ्या बीके विषाणूनं किंवा लघवीच्या संसर्गानंही चढतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: या चाचण्या राखणदार आहेत, हाक मारतात. चोर कोण, ते अजून बायोप्सीच ठरवते.

तोवर हातात आहे ते नीट करू या. टॅक्रोलिमसची, म्हणजे रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची, रक्तातली पातळी तपासायची असेल त्या दिवशी त्याची सकाळची गोळी डबीतच ठेवून या, रक्त दिल्यावर घ्या. आणि आज ज्यांनी वही आणलीय, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे या. पहिल्या पानापासून वाचू.