पदकावरचं नाव

(पडद्यावर: १८६९ सालच्या वर्तमानपत्राचं पान. कॅमेरा एका रकान्यावरून सावकाश खाली सरकतो.)

'न्यूयॉर्क हेरल्ड', १८६९. फोटो नाही, ठसठशीत मथळा नाही. पहिल्या पानावर बातमी शोधायला गेलात तर हाती लागतील छोट्या जाहिराती. बातम्या आतल्या पानांवर, आणि आगीच्या बातम्या तर त्यातही कोपऱ्यात. या गर्दीतून आपल्याला एक माणूस हुडकून काढायचा आहे. त्याचं नाव मिंथॉर्न टॉम्पकिन्स, नोकरी हुक अँड लॅडर कंपनी क्रमांक एकमध्ये, म्हणजे शिडीवाल्या तुकडीत. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचं सर्वांत जुनं शौर्यपदक पहिल्यांदा मिळालं ते त्याला.

पदक दिलं कोणी? ज्याचं हे वर्तमानपत्र, त्यानेच. जेम्स गॉर्डन बेनेट. स्कॉटलंडहून आलेला हा माणूस. १८३५ साली एक सेंट किमतीत त्याने हेरल्ड काढला आणि खून, घोटाळे, आगी घरोघरी पोचवून तो गबर झाला. पुढे न्यूयॉर्कच्या फोर्ट वॉशिंग्टन भागातल्या त्याच्या घराला आग लागली आणि फायरमन धावून आले. बेनेटने दीड हजार डॉलर दलाकडे दिले, पदकाचा साचा टिफनी कंपनीकडून करवून घेतला आणि सांगितलं, की यातून शूर फायरमनला सोन्याचं पदक द्यावं. दानाची बातमी छापायला दुसऱ्या कोणाच्या दारात जायची गरज नव्हतीच.

(पडद्यावर: संगणकावर शोधाची चौकट. नाव टाइप होतं.)

आता शोध. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा वर्तमानपत्रांचा संग्रह २००७ साली सर्वांसाठी खुला केला. हेरल्ड, सन, ट्रिब्यून, सगळे त्यात आहेत, तेही फुकट. 'मिंथॉर्न टॉम्पकिन्स' असं टाका. निकाल धो-धो येतात आणि बरेचसे भलत्याच माणसाचे. डॅनियल टॉम्पकिन्स हे १८१७ ते १८२५ अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष. त्यांच्या पत्नीचं माहेरचं आडनाव मिंथॉर्न, म्हणून मुलाचं नाव मिंथॉर्न. स्टेटन आयलंडवर जमिनी घेऊन, वस्ती वसवून त्याने नाव कमावलं. पेपरात येत राहतो तो हा जमीनदार. शिडीवाला मागेच राहतो.

बरं, नाव सोडून दलाचं नाव टाकावं, तर आणखी एक गंमत. १८६५ पर्यंत न्यूयॉर्कची आग विझवायचे ते स्वयंसेवक. त्या वर्षी कायदा झाला, पगारी दल आलं आणि त्याचं नाव ठेवलं मेट्रोपॉलिटन फायर डिपार्टमेंट. आजचं नाव, फायर डिपार्टमेंट ऑफ द सिटी ऑफ न्यूयॉर्क, मिळालं १८७० मध्ये. म्हणजे १८६९च्या अंकांत आजचं नाव शोधणाऱ्याच्या हाती काय लागणार? आणि 'बेनेट पदक' असं शोधाल, तर समोर येतील मोटारींच्या शर्यती आणि आकाशातले फुगे. बेनेटचा मुलगाही जेम्स गॉर्डन बेनेटच. हेरल्डचा कारभार बापानंतर त्याच्याकडे आला. प्रवासी लिव्हिंगस्टनला शोधायला वार्ताहर स्टॅन्लेला आफ्रिकेत पाठवायचं ठरवलं, ते यानेच आणि १८६९ मध्येच. पुढे मोटारींसाठी आणि फुग्यांसाठी त्याने जे चषक ठेवले, त्यांच्या बातम्यांखाली बापाचं पदक पार गाडलं जातं.

त्यात यंत्राचं वाचन. पानाचा फोटो मायक्रोफिल्मवरून घेतलेला, फिल्मवर ओरखडे, शाई पसरलेली. यंत्र अक्षरं ओळखतं ते अंदाजाने. ओळीच्या शेवटी 'टॉम्प' राहतं, पुढच्या ओळीवर 'किन्स' जातं आणि यंत्राच्या लेखी असा माणूसच नसतो. म्हणून जुने शोधक माणसाचं नाव शेवटी टाकतात. आधी तुकडीचा क्रमांक, मग रस्ता, मग वर्ष. त्याहून चांगली युक्ती म्हणजे आधी पदक देण्याच्या समारंभाची बातमी गाठायची. पदक मिळायचं ते आधीच्या कामगिरीसाठी, आणि समारंभाच्या वार्तांकनात ती आग कुठली आणि कधीची हे बहुधा सांगितलेलं असतं. तारीख हाती आली, की दुसऱ्या दिवशीचा अंक उघडायचा.

(पडद्यावर: आगीची एक बातमी, ओळी एकेक करून उजळतात.)

आणि मग लक्षात येतं, की त्या काळच्या वार्ताहराला आगीत काय दिसत होतं. तळमजल्यावर दुकान कोणाचं, वर कारखाना कशाचा, माल किती हजारांचा, विमा कुठल्या कंपनीत आणि किती रकमेचा, सगळं इत्थंभूत. अशा बातम्यांत खिडकीतून माणूस खाली आणणारा कितीदा तरी नुसता 'एक फायरमन' असतो. आम्हाला यात वार्ताहराचा आळस दिसत नाही. पेपर विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला सकाळी पहिल्यांदा हवा होता तो नुकसानीचा आकडा. म्हणून एका पेपरवर थांबून भागत नाही. ट्रिब्यून बघा, सन बघा, टाइम्स बघा. एकाने गाळलेलं नाव दुसरा छापतो, स्पेलिंग चुकवून का होईना.

चित्रांच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. दैनिकांत फोटो छापता येत नव्हते. सचित्र साप्ताहिकांत लाकडी ठशांची जी चित्रं येत, त्यात ज्वाळा नेहमीच जरा जास्त उंच आणि फायरमनच्या कडेवर हमखास एक मूल. आम्ही ती या फिल्ममध्ये वापरली आहेत, पण पुरावा म्हणून नाही.

(पडद्यावर: हुकाच्या शिडीचं रेखाचित्र.)

कधी कधी मात्र वार्ताहरही थक्क होतो. एप्रिल १८८४, सेंट जॉर्ज फ्लॅट्स नावाची उंच इमारत पेटली. नेहमीच्या शिड्या पुरेनात. इंजिन कंपनी ३२चा, म्हणजे बंबवाल्या तुकडीचा, जॉन बिन्स वर गेला तो एका नव्या शिडीने. मधे एकच दांडा, दोन्ही बाजूंना आडव्या पायऱ्या आणि टोकाला लोखंडी आकडा. आकडा वरच्या खिडकीच्या चौकटीत अडकवायचा, शिडी चढायची, खिडकीत एक पाय आत, एक बाहेर टाकून बसायचं, शिडी ओढून घ्यायची आणि आणखी वरच्या खिडकीत फेकायची. असा एकेक मजला. खाली आधार काही नाही, सगळं वजन त्या आकड्यावर. सेंट लुईसहून आलेले ख्रिस होएल यांनी जेमतेम वर्षभर आधी न्यूयॉर्कच्या जवानांना हे शिकवलं होतं. बिन्सने त्या शिडीने वर अडकलेला माणूस वाचवला आणि बेनेट पदक मिळवलं.

इथवर आलो, तर ही शूरांची यादी झाली. पण हेरल्डची पानं उलटणाऱ्याला बेनेटही वाचावा लागतोच. गुलामगिरीची पाठराखण, काळ्या लोकांविषयीचा उघड तिरस्कार, आणि तोही चोरून नाही, अग्रलेखांतून. १८६३च्या जुलैमध्ये लष्करातल्या सक्तीच्या भरतीवरून न्यूयॉर्कमध्ये दंगल पेटली. भरतीच्या कार्यालयावर पहिला हल्ला करणाऱ्यांत 'ब्लॅक जोक' ही स्वयंसेवक बंबवाल्यांची तुकडी होती. त्याच दिवशी जमावाने पाचव्या अॅव्हेन्यूवरचा काळ्या मुलांचा अनाथाश्रम पेटवला. स्वयंसेवक दलाचे प्रमुख जॉन डेकर काही जवानांना घेऊन तिथे भिडले. ते आग विझवत होते, जमाव पुन्हा लावत होता. इमारत गेली, पण दोनशेहून जास्त मुलं सुखरूप बाहेर पडली. तेव्हा पदक नव्हतं. असतं, आणि मिळालं असतं, तर त्यावर नाव असतं बेनेटचं.

(पडद्यावर: पदकाचा फोटो, मग पीटर गॅन्सी यांचा.)

अग्रलेखांतले बेनेटचे शब्द दीडशे वर्षं छापील पडून होते, कोणी लपवले नव्हते. २०२० साली दलाचे आयुक्त डॅनियल नायग्रो यांनी पदकावरून बेनेटचं नाव काढलं आणि पीटर गॅन्सी यांचं दिलं. गॅन्सी हे गणवेशातल्या दलाचे प्रमुख होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी दलाचे ३४३ जण गेले, त्यात तेही होते. नायग्रो तेव्हा त्यांच्या हाताखाली, मोहिमांचे प्रमुख होते. वर्ल्ड ट्रेड सेंटरपाशी ते गॅन्सी यांच्यासोबत पोचले होते आणि गॅन्सी यांची जागा पुढे नायग्रो यांनाच घ्यावी लागली.

टॉम्पकिन्स आणि बिन्स यांच्या नावांना यात कोणी हात लावलेला नाही. शोधणाऱ्याचं काम मात्र थोडं वाढलं. २०२०च्या आधीचं हवं असेल तर बेनेट टाका, नंतरचं हवं असेल तर गॅन्सी. आणि १८६९चं हवं असेल, तर आधी स्टेटन आयलंडचा तो जमीनदार बाजूला काढा.