व्हिएन्ना महापालिकेची

मित्रहो, व्हिएन्नाला जाऊन आलेल्या माणसाला काय काय पाहिले असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते: शोनब्रुनचा राजवाडा, होफबुर्ग, श्टेफान कॅथीड्रल, जमल्यास ऑपेरा, आणि शेवटी चॉकलेटचा एक सुप्रसिद्ध केक. ही सगळी स्थळे पाहण्याजोगी आहेत आणि त्यांना नाक मुरडण्याचे मला काही कारण नाही. पण त्यांतली बहुतेक हाब्सबुर्ग घराण्याच्या काळातली आहेत. ते घराणे १९१८ मध्ये सत्तेवरून गेले. त्यानंतर या शहराने आपल्या रहिवाशांसाठी जे उभारले, ते सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात जवळजवळ नसतेच. माझ्या मते व्हिएन्नाची विसाव्या शतकातली सर्वांत मोठी वास्तुकृती म्हणजे तिथल्या महापालिकेने बांधलेली भाड्याची घरे होत, आणि म्हणून आज बराच वेळ मी तुम्हांला एकाच इमारतीपाशी थांबवून ठेवणार आहे.

मेट्रोच्या यू-४ मार्गाचे शेवटचे स्थानक हायलिगेनश्टाट. इथे उतरणारे पर्यटक बहुतेक करून पुढची बस धरतात. बेटोव्हेनने १८०२ मध्ये आपल्या वाढत्या बहिरेपणाविषयी भावांना उद्देशून ते विख्यात पत्र लिहिले, ते याच भागात. शिवाय हीच बस पुढे काहलेनबेर्गच्या टेकडीवर जाते. त्या गडबडीत स्थानकाच्या अगदी समोर उभी असलेली, एक किलोमीटरहून लांब पसरलेली इमारत त्यांच्या नजरेतून निसटते. हेच ते कार्ल-मार्क्स-होफ. १९२७ मध्ये काम सुरू झाले आणि १९३० च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झाले. वास्तुशिल्पी होते महापालिकेच्याच नोकरीत असलेले कार्ल एन. घरे १३८२, आणि सुमारे पाच हजार माणसे राहतील असा त्या वेळचा हिशेब. मधल्या भागात मनोरे, ध्वजदंड आणि गाडी सहज जाईल अशा प्रचंड कमानी आहेत. कमानींच्या माथ्यावर सिरॅमिकच्या चार आकृती आहेत: स्वातंत्र्य, लोककल्याण, प्रबोधन आणि शरीरसंवर्धन. देवदेवता किंवा सेनापती जिथे बसवायचे, तिथे महापालिकेने आपला जाहीरनामाच बसवला आहे.

रस्त्यावरून ही इमारत किल्ल्यासारखी भासते, म्हणून कमानीतून आत गेल्याशिवाय तिच्याविषयी मत बनवू नये. एकूण जमिनीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी भागावर बांधकाम आहे. बाकी सगळी अंगणे, झाडे, हिरवळ आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा. जिन्यांचे दरवाजेही रस्त्याकडे न उघडता अंगणात उघडतात. त्यामुळे घरी परतणारा प्रत्येक जण आधी सामाईक बागेतून जातो आणि मग आपल्या दारापाशी पोहोचतो. हे केवळ सौंदर्यासाठी केलेले नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी इथले कामगार ज्या भाड्याच्या बराकींत राहत, तिथे पाण्याचा नळ आणि संडास बाहेरच्या बोळात, सगळ्या मजल्यात मिळून सामाईक असत. आपल्या चाळींची व्यवस्था आठवावी. भाडे परवडावे म्हणून कुटुंबे आपल्या खोलीतली एखादी खाट परक्या माणसाला काही तासांसाठी देत. रात्रपाळीचा कामगार दिवसा तिच्यावर झोपे, आणि संध्याकाळी तीच खाट दुसऱ्याची होई. अशा कोंदट खोल्यांत क्षय इतका बोकाळला की त्याला ‘व्हिएन्नाचा रोग’ म्हणत. नव्या घरांचे क्षेत्रफळ सुरुवातीला जेमतेम ३८ ते ४८ चौरस मीटर होते, पण प्रत्येक घरात स्वतःचा नळ आणि स्वतःचा संडास होता, आणि खिडकीतून उजेड येत होता.

आता पैशांचा प्रश्न. १९१९ मध्ये समाजवादी लोकशाहीवादी पक्षाच्या हाती महापालिका आली. १९२२ मध्ये व्हिएन्ना ऑस्ट्रियातले एक स्वतंत्र घटक राज्य झाले आणि स्वतःचे कर बसवण्याचा अधिकार त्याला मिळाला. अर्थखाते सांभाळणारे ह्यूगो ब्राइटनर हे पूर्वीचे बँक संचालक. त्यांनी नोकरचाकर, शर्यतीचे घोडे, शॅम्पेन अशा चैनीवर कर बसवले आणि १९२३ पासून घरबांधणी कर सुरू केला. तो सगळ्यांनाच भरावा लागे, पण चढत्या दराने. सर्वांत महागड्या अर्ध्या टक्का जागांमधून एकूण वसुलीपैकी सुमारे ४५ टक्के रक्कम येत असे. युद्धकाळापासूनच भाडी कायद्याने गोठलेली असल्यामुळे खासगी बिल्डरांना बांधकामात रस उरला नव्हता आणि जमिनी स्वस्त झाल्या होत्या, हेही महापालिकेच्या पथ्यावर पडले. १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. त्या काळच्या अनेक इमारतींवर ठळक अक्षरांत कोरलेला मजकूर आढळतो: व्हिएन्ना महापालिकेने घरबांधणी कराच्या निधीतून अमुक वर्षी बांधले. करदात्याला त्याचा पैसा कुठे गेला हे भिंतीवर लिहून दाखवणारी महापालिका मला दुसरीकडे दिसलेली नाही. योगायोग असा की त्याच दशकात मुंबईत कापसाच्या गाठीमागे एक रुपया उपकर घेऊन बीडीडी चाळी बांधल्या जात होत्या; तिथे मात्र १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास, एवढ्यावरच सरकारचे औदार्य संपले.

तरीही हे नंदनवन होते असे मी म्हणणार नाही. कार्ल-मार्क्स-होफमध्ये दोन यांत्रिक धुलाईगृहे, न्हाणीघरे, बालवाड्या, ग्रंथालय आणि दातांचा दवाखाना होता. त्यांतल्याच एका जुन्या धुलाईगृहात आता या कालखंडाचे एक छोटे, नेटके संग्रहालय आहे आणि ते चुकवू नये. तिथे गेल्यावर लक्षात येते की कपडे धुण्याचा वार ठरवून दिलेला असे आणि पुरुषांना आत मज्जाव होता. म्हणजे यंत्रे आली तरी धुणे बायकांकडेच राहिले. राजकारणाची झळ तर फार जवळून बसली. १९३४ च्या फेब्रुवारीत समाजवाद्यांशी झालेल्या लढाईत ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर डोल्फुस यांच्या सरकारच्या सैन्याने याच इमारतीवर तोफा डागल्या. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यावर महापालिकेच्या घरांतल्या ज्यू भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले. १९३४ ची ती लढाई ज्या दिवशी पेटली, त्या १२ फेब्रुवारीचे नाव आज समोरच्या चौकाला आहे.

घरांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी, आणि ते तर दिसतही नाही. १८७३ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ एदुआर्द झ्यूस यांच्या पुढाकाराने राक्स आणि श्नेबेर्ग डोंगरांतल्या झऱ्यांचे पाणी शहरात आले. १९१० मध्ये होखश्वाब पर्वतातून दुसरी वाहिनी आली. दोन्ही केवळ उतारावर, पंपाशिवाय चालतात, आणि दुसरीतले पाणी शहरात पोहोचायला सुमारे दीड दिवस लागतो. त्यामुळे रस्त्यात पिण्याच्या पाण्याचा नळ दिसला की बाटली निःशंकपणे भरून घ्यावी. उपाहारगृहात मात्र बाटलीबंद पाण्याचे पैसे खुशाल मोजणारे आपले लोक मी पाहिले आहेत! डॅन्यूबच्या पुराला वाट देण्यासाठी १९७२ ते १९८८ या काळात घडवलेले २१ किलोमीटर लांबीचे बेट, आणि हयात नागरिकांहून अधिक, म्हणजे सुमारे तीस लाख माणसे जिथे चिरनिद्रा घेत आहेत ते मध्यवर्ती दफनस्थान, यांचा इथे नुसता उल्लेख करून पुढे जातो.

आज शहरात महापालिकेची सुमारे २,२०,००० घरे आहेत. पण ती कोणाला मिळतात, हा प्रश्न पहायचा असेल तर यू-१ मार्गाने रॉयमानप्लाट्झला जावे. हा फावोरिटेन नावाचा दहावा विभाग. १९६४ मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६६ मध्ये युगोस्लाव्हियाशी करार करून ऑस्ट्रियाने जे कामगार आणले, त्यांच्या मुला-नातवंडांचा वावर या चौकात सतत दिसतो. युरोपीय संघाबाहेरच्या परकीय नागरिकांना महापालिकेच्या घरांची दारे खुली झाली ती २००६ मध्ये, तीही संघाच्या नियमामुळे, आणि दीर्घकाळ वास्तव्याचा परवाना असेल तरच. तोवर त्यांनी खासगी मालकांच्या जुन्या, निकृष्ट जागांत दिवस काढले. कामगारांच्या शहराला आपलेच नवे कामगार इतकी वर्षे दिसले नाहीत, याचे समाधानकारक उत्तर मला कोणाकडून मिळालेले नाही. याच चौकात १९२६ साली उघडलेले आमालियनबाड हे सार्वजनिक स्नानगृह आहे: एका वेळी तेराशे माणसांची सोय, तलावावर काचेचे छत, आणि रंगीत टाइल्सनी मढलेला बाष्पस्नानाचा विभाग. ते आजही महापालिकाच चालवते. आत जाण्यासाठी गाइड लागत नाही. तिकीट काढावे आणि शेजारपाजारच्या आजीआजोबांबरोबर पाण्यात उतरावे. पोहण्याचे कपडे मात्र हॉटेलवर विसरू नका.