खेळ मुलांचाच राहू द्या

श्रोतेहो, नमस्कार. जून जवळ आला, की आपल्या नाशिकचं सिडको असो, पंचवटी असो वा निफाडकडचं एखादं गाव, लहानग्यांच्या आईवडिलांचा बालवाडीच्या दारात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बाई, लिहायला कधी शिकवणार?" आज मला तुमच्याशी बोलायचंय ते दुसऱ्याच प्रश्नावर. तिथे मुलांना खेळायला किती मिळणार?

'खेळातून शिक्षण' हे शब्द आता बहुतेक बालवाड्यांच्या फलकावर दिसतात. आत डोकावलं तर काय दिसतं? बाई गाणं म्हणतात, मुलं हाताची घडी घालून मागून म्हणतात. चित्र बाईंनी दिलेलं, रंगही बाईंनी ठरवलेला. हा धडाच झाला, फक्त चालीवर म्हटलेला. मूल जे आपण होऊन निवडतं, ज्याचे नियम ते स्वतः करतं आणि मोडतं, जे नकोसं झालं की सोडून देऊ शकतं, तो खेळ.

एक प्रसंग सांगते. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरायचे दिवस होते. बायका कांदा निवडत बसल्या होत्या. मोठा एकीकडे, मध्यम एकीकडे, बारीक कांदा म्हणजे गोल्टी वेगळी. जवळच चार-एक वर्षांची एक मुलगी गोल्टीच्या ढिगातून आपला वाटा घेऊन बसली होती. समोर पाच दगड मांडलेले. ते पाव्हणे. प्रत्येकापुढे एकेक कांदा वाढत गेली, मामांच्या दगडापुढे मात्र दोन ठेवले. शेवटच्या पाव्हण्यापाशी आली तर हात रिकामा. थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग मामांपुढचा एक कांदा उचलून तिकडे ठेवत म्हणाली, "मामा जेवून आलेत."

आता बघा, या एवढ्याशा पंगतीत काय काय झालं. एकास एक जोडी लावणं झालं, कमी-जास्त कळलं, वाटणी पुन्हा केली. दगडाला पाव्हणा मानलं. एका वस्तूच्या जागी दुसरी मानता येणं हीच पुढे अक्षराची आणि अंकाची पायरी असते. आणि मामांना वाईट वाटू नये म्हणून कारणही शोधलं! एक ते शंभर पाठ म्हणणाऱ्या मुलाला यातलं सगळं येत असेलच असं नाही.

अशा वेळी मोठ्यांनी काय करावं? शेजारी बसलेली मावशी "मोज बरं, किती झाले?" असं म्हणाली असती, तर खेळ तिथेच संपून परीक्षा सुरू झाली असती. त्याऐवजी "मला नाही का वाढलंस?" म्हणून पंगतीत बसावं. पाव्हणा एक वाढला, गणित आपोआप पुढे सरकलं, आणि खेळ मात्र तिचाच राहिला. अंगणवाडीताईंचं खरं कसब मला इथे दिसतं. आधी बघायचं, मग जमलं तर एखादी अडचण किंवा एखादी वस्तू हळूच खेळात सोडायची.

हे विचार आपल्याकडे नवे नाहीत. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. ताराबाईंनी 1945 साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून त्यांनी काम अडवलं नाही. शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं केली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळाला मध्यभागी ठेवलं.

तरीही लिहिण्याची घाई सुटत नाही. म्हणून थोडं हाताबद्दल. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारखी लवचिक असतात आणि एकामागून एक घट्ट होत जातात. शेवटचं तयार व्हायला दहा-बारा वर्षांचं वय उजाडतं. बोटांचे स्नायूही हळूहळूच ताब्यात येतात. तीन वर्षांच्या मुलाकडून पानभर 'अ' गिरवून घेण्यापेक्षा त्याला कणीक मळू द्या, ओलं फडकं पिळू द्या, वाटाण्याच्या शेंगा सोलू द्या. पेन्सिल धरायची ताकद तिथेच तयार होते.

एक काळजी मात्र घ्या. अगदी लहान मुलांच्या हाती चिंचोके, मणी, शेंगदाणे देऊन उठून जाऊ नका. नाकात जातात, घशात अडकतात. आपल्या नाशिकची द्राक्षंसुद्धा लहानग्यांना उभी चिरूनच द्या.

यंदा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा वर्गातल्या भिंतींपेक्षा जमिनीकडे बघा. वाळू, पाणी, ठोकळे, भातुकली आहे का? ती मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवलीय, की कुलपाच्या कपाटात? मग बाईंना विचारा, दिवसात सलग किती वेळ मुलं आपल्या मनाने खेळतात? उत्तर "मधल्या सुट्टीत" असं आलं, तर आणखी एखादी बालवाडी बघून या. नमस्कार.