जुन्या कॉम्प्युटरचं कुलूप

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सहकारी सोसायटीत कॉम्प्युटर बघायला गेले होते. बाहेर पावसाची झोड, आणि सकाळपासून करंटची ये-जा. तिथल्या क्लार्क आक्कांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. त्या न वाचताच आक्कांनी एफ-वन दाबलं, तारीख घातली, वेळ घातली. "रोजचंच आहे बघा," म्हणाल्या, "सुरू केला की ह्याला आजची तारीख सांगावी लागते." आणि पुढच्या मिनिटाला पडद्यावर अख्खं गाव उघडं झालं. कुणाची पिग्मी किती, कुणाचा कर्जाचा हप्ता थकलाय, कुणाच्या आधार कार्डाची प्रत, कुणाची सही. मध्ये कुठंही पासवर्ड विचारला गेला नाही.

मी विचारलं, "पासवर्ड नाही?"

"होता की. एका पोरानं घालून दिला होता. आपोआप गेला."

आक्का खरं सांगत होत्या. कॉम्प्युटरच्या पोटात, मुख्य पाटीवर, नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते. तिच्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम तिचं. विंडोज सुरू होण्याआधीची जी मांडणी असते, जिला आपण बायोस म्हणतो, तीही बऱ्याच जुन्या डेस्कटॉपमध्ये ह्याच बॅटरीच्या जिवावर लक्षात राहते. सोसायटीतला पासवर्ड ह्या बायोसमध्ये घातलेला होता. बॅटरी मेली आणि तारखेबरोबर पासवर्डही पुसला गेला. म्हणून तुमचा जुना कॉम्प्युटर रोज सकाळी तारीख विचारत असेल, तर ती नुसती कटकट समजू नका. तारीख चुकली की इंटरनेटवरची सुरक्षित पानंही उघडायला कुरकुरतात. बॅटरी स्वस्त असते. प्लग काढून ठेवायचा, बॅटरी बदलायची, तारीख एकदा घालायची, आणि बायोसचा पासवर्ड पुन्हा लावायचा.

आता कुणी म्हणेल, बॅटरी काढली की जे कुलूप पडतं, ते लावायचंच कशाला? लावायचं, कारण ते आल्यागेल्याला अडवतं. पेनड्राइव्ह लावून तिच्यावरून मशीन सुरू करणाऱ्यालाही अडवता येतं, त्यासाठी बायोसमध्ये फक्त आतल्या डिस्कवरूनच सुरू हो एवढं सांगून ठेवायचं. आणि कार्यालयात वापरतात त्या बऱ्याच खोक्यांना मागं एक छोटी कडी असते. तिच्यात साधं पितळी कुलूप घातलं की खोकं उघडून बॅटरीपर्यंत हात पोचत नाही. बेळगावच्या शहापूर-वडगावात किती दुकानांत ती कडी मोकळीच बघितली मी! लॅपटॉपची गोष्ट वेगळी. तिथं हा पासवर्ड बहुतेक वेळा वेगळ्या चिपमध्ये असतो, बॅटरी काढून जात नाही, आणि विसरला तर फार त्रास होतो.

पण श्रोतेहो, मला आज मुख्य सांगायचंय ते ह्याच्या पुढचं आहे, आणि ते मी माझ्याच घरात शिकले.

माझे वडील गेले, तेव्हा त्यांचा कॉम्प्युटर माजघरातल्या टेबलावर होता. शेताचे हिशेब, जमिनीच्या उताऱ्यांच्या प्रती, विम्याचे कागद, आम्हा भावंडांचे लहानपणापासूनचे फोटो, सगळं त्यात. विंडोज सुरू झालं की पासवर्ड विचारायचं, आणि तो आम्हाला कुणालाच माहीत नव्हता. आईला विचारलं, ती म्हणाली, "मला कधी सांगितलाच नाही बाळ." दिवसकार्य झाल्यावर मी डिस्क बाहेर काढली, माझ्या मशीनला जोडली, आणि पाच मिनिटांत सगळे फोटो पडद्यावर आले. आई शेजारी बसून रडली. मलाही सुटल्यासारखं झालं.

रात्री मात्र झोप लागेना. जे मी पाच मिनिटांत केलं, ते कुणीही करू शकलं असतं. दुरुस्तीला नेणारा, चोर, भंगारवाला, कुणीही. विंडोजचा पासवर्ड हे दाराचं कुलूप आहे. डिस्क बाहेर काढणारा माणूस दारातून येतच नाही, तो भिंतच उचलून नेतो. आतला कागद न् कागद त्याला वाचता येतो, कारण कागद साध्या अक्षरांतच लिहिलेले असतात.

ते वाचता येऊ नयेत म्हणून फाईली सांकेतिक करून ठेवाव्या लागतात. विंडोज दहाच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर नावाची सोय त्यासाठीच आहे. विंडोज सातमध्ये ती फक्त अल्टिमेट आणि एंटरप्राइझला होती, म्हणजे घरच्या मशीनवर बहुतेक नाहीच. अशा वेळी वेराक्रिप्ट हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या. त्यात एक बंद पेटी तयार होते. सभासदांची खाती, आधारच्या प्रती तिच्यात ठेवायच्या आणि काम झालं की पेटी बंद करायची. "आमच्या एक्सेलला पासवर्ड आहे," असं मला खूप जण सांगतात. एक्सेल २००३ किंवा त्याआधीच्या जुन्या पद्धतीनं जपून ठेवलेल्या फाईलचा पासवर्ड फार कच्चा असतो. तीच फाईल २००७ नंतरच्या नव्या पद्धतीनं जपली आणि फाईल उघडतानाच पासवर्ड मागेल असं केलं, तर ती खूप पक्की होते. नुसतं शीट प्रोटेक्ट करणं म्हणजे वाचण्यावर बंदी नव्हे.

मात्र ह्याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. वडिलांनी बिटलॉकर लावलं असतं आणि पासवर्ड कुणाला सांगितला नसता, तर ते फोटो मला कधीच मिळाले नसते. सोसायटीत क्लार्क निवृत्त झाला, अचानक आजारी पडला, तर अख्ख्या गावाचे हिशेब अडकतात. म्हणून पासवर्ड कागदावर लिहू नका, हा सल्ला मी देत नाही. लिहा. पण कीबोर्डच्या खाली चिकटवू नका, पडद्याच्या कडेला लावू नका, डेस्कटॉपवर पासवर्ड नावाची फाईल करून तर मुळीच ठेवू नका. पाकिटात घालून, चिकटवून, वर सही आणि तारीख टाकून, जिथं जमिनीचे दस्त ठेवता तिथं ठेवा. सोसायटीत तिजोरीत. पाकीट कुणी फोडलं तर ते सहीवरून दिसतं.

पासवर्ड मशीनमध्येच उघडा ठेवण्याचा धोका फार जुना आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मोठा कॉम्प्युटर अनेकांना वाटून वापरता येईल अशी व्यवस्था केली. ज्याचं काम त्यानंच बघावं म्हणून तिथं पासवर्ड आले. १९६२ साली ॲलन शेर ह्या तिथल्याच संशोधकाला ठरवून दिलेला वेळ पुरेना. त्यानं सगळ्यांच्या पासवर्डची फाईलच छापून घेतली. पासवर्डचा जन्म आणि पासवर्डची चोरी ह्यांत फार वर्षांचं अंतर नाही.

आता पासवर्ड कसा असावा? आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसतो तो मोबाईल नंबर. तोच नंबर दुकानाच्या पाटीवर दोन भाषांत रंगवलेला असतो! त्याखालोखाल गाडीचा नंबर, पोराचं नाव आणि जन्मसाल. सहा आकडी पासवर्डच्या शक्यता होतात फक्त १० लाख. मशीनला त्या तपासायला काहीच वेळ लागत नाही. आठ सुट्या इंग्रजी अक्षरांच्या शक्यता २० हजार कोटींच्या वर जातात. लांबी वाढवली की चोराचं काम असं पटीपटीनं वाढतं.

म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग लिहा. इथं आपल्या सीमाभागातल्या माणसाला एक देणगी आहे. आपल्या जिभेवर दोन भाषा आहेत. घागर मराठीतून घ्या, गूळ कन्नडमधून, म्हणजे बेल्ल. मग कंदील, मग पावसाचं कन्नड नाव, मळे. इंग्रजी अक्षरांत आपल्याच पद्धतीनं लिहा. तोडक्या-मोडक्या स्पेलिंगची लाज नको, इथं ती कामाला येते. हे मी सांगितलेले चार शब्द मात्र आता हजारो कानांवर गेलेत, ते घेऊ नका. विंडोजच्या एक्सपी ह्या जुन्या आवृत्तीवर अजून काम करत असाल तर पासवर्ड १५ अक्षरांच्या खाली नको. त्याहून लहान पासवर्डची एक नोंद एक्सपी जुन्या पद्धतीनं, सात-सात अक्षरांचे दोन तुकडे करून ठेवतं, आणि ते तुकडे लवकर फुटतात. पासवर्डची आठवण म्हणून जो संकेत लिहायचा असतो, तो सगळ्यांना दिसतो. तिथं पासवर्डच लिहून ठेवलेला मी पाहिलाय.

दर महिन्याला पासवर्ड बदलायलाच हवा, असं नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी ह्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१७ साली आपल्या मार्गदर्शनात सांगितलं, की मुदत ठरवून बदलायची सक्ती करू नका. सक्ती केली की माणसं शेवटी फक्त एक आकडा वाढवतात. कुणाला कळल्याचा संशय आला, माणूस काम सोडून गेला, की त्याच दिवशी बदला.

आपल्याकडची आणखी एक अडचण. मशीनवर कन्नड आणि मराठी टायपिंग दोन्ही चालतं. पासवर्ड बरोबर घालूनही चुकला म्हणत असेल, तर घाबरण्याआधी पडद्यावरची भाषेची छोटी खूण बघा, कॅप्स लॉक बघा. निम्म्या वेळी तेच असतं. आणि चहाला उठताना विंडोजची खूण असलेलं बटण आणि एल एकदम दाबा, पडद्याला कुलूप लागतं.

पासवर्ड व्हायरसला अडवत नाही, हेही स्पष्ट सांगते. त्यासाठी कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या लागतात. एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ला थांबल्या, विंडोज सातच्या १४ जानेवारी २०२०ला, आणि विंडोज दहाची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. अशा मशीनवर फक्त हिशेब करा, इंटरनेटची वायर काढून ठेवा, बँकेचं काम दुसरीकडं करा. आणि भंगारात देताना डिस्क काढून घ्या. घाईत केलेल्या फॉरमॅटनं आतलं पुसलं जात नाही.

त्या सोसायटीत मी परत गेले, तेव्हा बॅटरी आणि कुलूप घेऊन गेले. घड्याळ लावलं, बायोसचं झालं, विंडोजमध्ये रोजच्या कामाचं खातं वेगळं आणि दुरुस्तीचं वेगळं केलं. मग खुर्ची आक्कांकडं सरकवली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, ओठांनी शब्द जुळवत होत्या. "ताई, तुम्हाला सांगू काय कुठले घेतले?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नको आक्का," आणि त्या टाईप करत होत्या तोवर खिडकीतून पाऊस बघत उभी राहिले.