डिस्टॉर्शन मंडपात का किरकिरतं?

(दृश्य: गणपतीची मिरवणूक, टेम्पोवर बांधलेले बॉक्स, पुढे बेंजो पार्टी)

हा आवाज कोकणात कोणाला ओळखून द्यायला नको. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे वाद्य म्हणजे बुलबुल तरंग, आपला बेंजो. मूळ जपानी, १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरितांनी ताइशोगोतो बनवलं त्याचंच हे आपल्याकडचं रूप, फक्त आपल्या पोरांनी त्याला पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा तुकडा) लावला, वायर ओढली आणि थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये घातली. बेंजोला ते मस्त मानवतं. गोची होते गिटारची, कारण गावात कोणी नवीन इलेक्ट्रिक गिटार घेतली की पहिल्याच कार्यक्रमाला ती पण त्याच मिक्सरमध्ये जाते, दुसरं असतंच काय जवळ.

क्लीन, म्हणजे साध्या स्वच्छ आवाजात, वाजवलंत तर निभावून जातं. पण डिस्टॉर्शनचं पेडल, म्हणजे मुद्दाम आवाज फाडणारी पायाखालची डबी, दाबलं की कानाशी माशा घोंगावल्यासारखी जी किरकिर सुरू होते, तिला वैतागून पोरगा दुसरं पेडल घेतो, मग तिसरं, मग रिव्ह्यूचे व्हिडिओ बघून अजून एक, आणि किरकिर तशीच. पेडल बिचारं त्याचं काम करतंय.

(दृश्य: कॉम्बो, म्हणजे स्पीकरसकट एकाच पेटीतला, अ‍ॅम्पची मागची बाजू, स्पीकरचा कागदी कोन)

हा बघा गिटार अ‍ॅम्पमधला स्पीकर. बारा इंची, कागदाचा कोन, ट्विटर (वरचे बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर) नाहीच. साधारण ५००० हर्ट्झच्या वर हा जवळजवळ गप्प होतो. हायफायवाला बघेल तर म्हणेल भंगारात द्या. पण डिस्टॉर्शन म्हणजे शेवटी काय, तर सिग्नलची टोकं छाटायची, आणि टोकं छाटली की वरच्या पट्टीत हार्मोनिक्सची, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांची, गर्दी होते, त्यातले बरेचसे कानाला टोचणारे. ते हा कागदी स्पीकर गाळून टाकतो. मंडपातले भोंगे आणि ट्विटर बनवलेत ते आरती न् अनाउन्समेंट लांबपर्यंत स्वच्छ ऐकू जावी म्हणून, ते इमानदारीने सगळंच बाहेर फेकतात.

म्हणून माझं म्हणणं असं की खरेदी उलट्या टोकाकडून करा. आधी आवाज कुठल्या स्पीकरमधून निघणार ते ठरवा, मग अ‍ॅम्प, पेडलं सगळ्यात शेवटी. मंडपात अ‍ॅम्प नेणं जमत नसेल तर कॅब सिम्युलेटर (स्पीकरच्या पेटीची, म्हणजे कॅबची, नक्कल) असलेलं पेडल किंवा छोटा मल्टिइफेक्ट (एकाच डब्यात बरेच इफेक्ट) घ्या आणि मिक्सरच्या आधी शेवटचा टप्पा तोच ठेवा, तो स्पीकरचं गाळण्याचं काम करतो. मल्टिइफेक्ट आधीच घेतलाय? मग आधी बघा कॅबचा ब्लॉक चालू आहे का, बऱ्याचदा तो बंदच असतो आणि शिव्या कंपनीला बसतात. घरी अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटला लावताना मात्र तो बंद करायचा, नाहीतर स्पीकरवर स्पीकर होऊन आवाज दबतो. आणि साउंडवाल्याला "दादा, गिटारची ट्रेबल जरा उतरवा ना" हे सांगायला लाजायचं कशाला, तो काय खाणार नाही तुम्हाला.

स्पीकरचं एवढं का सांगतोय, तर इतिहासही तेच सांगतो. अमेरिकेतला फेंडर बासमन हा खरं तर बेस गिटारचा अ‍ॅम्प. लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी आणि त्यांच्या माणसांनी १९६२ च्या सुमारास त्याच सर्किटवरून स्वतःचा अ‍ॅम्प बनवला, इंग्लंडात मिळतील ते पार्ट घातले, स्पीकर सेलेस्टियनचे लावले, आणि सर्किट जवळपास तेच असून आवाज वेगळाच झाला.

(दृश्य: मालवणजवळचं चिऱ्याचं कौलारू घर, खळं, ओट्यावर गिटार)

आता ट्यूब, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवाला, अ‍ॅम्प घ्यायचा का. पैसे असतील तर मोह होणारच, पण ट्यूब गोड लागते ती जोरात चालवल्यावर, आणि इथे वॅटचा हिशोब बऱ्याच जणांचा चुकतो. १०० वॅटचा सोडून ५० चा घेतला तर फरक फक्त ३ डेसिबलचा. आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे पॉवर दहावा हिस्सा. तेव्हा १५ वॅटची ट्यूब म्हणजे छोटीशी, घरगुती, असं समजून ओट्यावर चालू केलीत तर अर्धी वाडी ऐकते आणि आतून आजीची हाक येते, "रे मेल्या, कमी कर तो आवाज, आजो निजलो हा!"

त्यात वीज. संध्याकाळी सगळ्यांचे पंप न् स्वयंपाकघरातले मिक्सर चालू झाले की २३० व्होल्टच्या जागी मिळेल ते व्होल्टेज, पावसात लाइट येते-जाते, आणि ट्यूब अ‍ॅम्पला व्होल्टेज उतरलेलं लगेच कळतं, आवाज मलूल होतो. म्हणून कोकणात राहून रोज वाजवणाऱ्याला मी तरी चांगला सॉलिड स्टेट, म्हणजे ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवाला, कॉम्बोच सांगेन. त्याला कमी लेखायचं कारण नाही, रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ पासूनचा ट्रान्झिस्टरचाच अ‍ॅम्प, आणि क्लीन टोनसाठी आजही त्याचं नाव घेतात. कोणाचा काका बोटीवरून अमेरिकन अ‍ॅम्प घेऊन आला असेल तर मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका, तो १२० व्होल्टचा निघाला तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर पाहिजेच.

(दृश्य: घरामागे अर्थिंगचा खड्डा, बादलीने पाणी ओतणारा हात)

हा शॉट गिटारच्या व्हिडिओत कशाला? कारण गिटार हातात आणि ओठ माइकला लागले की झिणझिण्या येतात ना, त्याचं कारण बऱ्याचदा इथे असतं. खाली जांभा, कातळ, त्यात अर्थिंग धड लागत नाही. म्हणून खड्ड्यात प्लेटभोवती कोळसा आणि मीठ घालतात, आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा सुकला की पाणी ओतावं लागतं, नाहीतर अर्थिंग नावापुरतं. हम, म्हणजे सतत घूं असा गुणगुणाट, येतो म्हणून अ‍ॅम्पची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. ते अजिबात करू नका, जीव जाईल. वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या.

दुसरा हम वेगळा, तो सजावटीच्या लायटिंगचा. माळा, डिमर, चोकवाल्या ट्यूबलाइट, यांच्याजवळ सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, पिकअप गुणगुणतोच. थोडं वळून उभे राहा, एका दिशेला तो बराच कमी होतो. कायमचा उपाय म्हणजे हंबकर पिकअप, गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये नेमका याच त्रासासाठी केलेला, दोन कॉइल उलट्या जोडून आलेला हम एकमेकांत कापून टाकायचा.

(दृश्य: जमिनीवर तीन पेडलं, बोट एका नॉबवर)

पेडलं तीन पुरेत. ओव्हरड्राइव्ह (हलकं डिस्टॉर्शन), मग डिले (पडसाद), मग रिव्हर्ब (मोठ्या खोलीतला घुमारा), याच क्रमाने, म्हणजे डिलेच्या प्रत्येक पडसादावर डिस्टॉर्शन चढून लगदा होत नाही. ओव्हरड्राइव्ह ट्यूब स्क्रीमर (आयबनेझचं प्रसिद्ध पेडल) जातीचा असेल तर ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर, लेव्हल वर, असं करून बघा. तो खालचा बेस कापतो आणि ७०० हर्ट्झच्या आसपास मिड, म्हणजे मधली पट्टी, उचलतो. एकट्याने खोलीत ऐकलं तर नाकातून गातोय असं वाटेल, पण ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड वाजायला लागले की तोच आवाज पुढे येतो. खोलीत मिड शून्य करून, बेस-ट्रेबल फुल्ल करून जो भारी टोन बनवलेला असतो ना, तो स्टेजवर कोणालाच ऐकू जात नाही, मग गिटारवाला व्हॉल्यूम वाढवतो, मग कीबोर्डवाला वाढवतो, मग भांडणं.

राहिली खारी हवा. तारा वाजवून झाल्या की कोरड्या फडक्याने पुसायच्या, जॅक हिरवे पडायला लागले की कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात अ‍ॅम्प प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. वर सुती चादर टाका आणि वाजवायला वेळ नसला तरी अधूनमधून तासभर चालू ठेवून तापू द्या.