आतषबाजीचा रंग आणि ॲपर्चर

पत्रिकेत विषय ‘बल्ब मोड आणि काळा पुठ्ठा’ असा छापलाय. तिथे येतोच, पण आधी ॲपर्चरबद्दल, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या भोकाबद्दल, बोलू द्या. आतषबाजीचा फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘शटर किती सेकंद?’ ॲपर्चर कुणी विचारतच नाही. आणि फोटोतला रंग टिकतो की उडतो, ते ॲपर्चरवर ठरतं.

असं बघा. गोळा आकाशात फुटला की त्यातल्या जळत्या गोळ्या चहूकडे फेकल्या जातात. प्रत्येक गोळी पळत असते. सेन्सरच्या एका ठिपक्यावरून तिचा उजेड क्षणभर सरकतो आणि पुढे जातो. मग शटर दोन सेकंद उघडं ठेवा नाहीतर आठ, त्या ठिपक्याच्या वाट्याला तेवढाच उजेड. वेळ वाढवली की रेघा लांबतात, फ्रेममध्ये जास्त गोळे येतात, मागच्या इमारती उजळतात. रेघेचा लखलखाट मात्र ॲपर्चर आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता, यांच्या हातात. माना डोलताहेत, पण मागच्या रांगेत शंका दिसतेय. एफ हा ॲपर्चरचा आकडा, जितका लहान तितकं भोक मोठं. आयएसओ १०० आणि एफ ४ वर कोण कोण काढतं? हात वर करा. अहो, अर्धं सभागृह!

तुमच्या फोटोत फुलाचा मधला भाग पांढराफटक येतो ना? लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. निळा सगळ्यात अवघड, कारण ज्योत फार तापली की रंग देणारं तांब्याचं संयुगच मोडतं. दारूकाम करणारा माणूस मिश्रण जपून जुळवतो, आणि आपण लेन्स सताड उघडी ठेवून त्याचा निळा धुऊन टाकतो. मला याचा मनापासून राग येतो. आणि हे नंतर रॉ फाइलमध्येही, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीतही, दुरुस्त होत नाही, कारण पूर्ण भरलेल्या पिक्सेलमध्ये रंगाची माहितीच उरत नाही. म्हणून आयएसओ १०० ला एफ ११ पासून सुरुवात करा. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचे चंदेरी गोळे असतील तर एफ १६. मंद निळ्यासाठी एफ ८. पहिल्या दोन-तीन फोटोंनंतर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघा, तोही रंगवार. नुसता पांढरा आलेख बघाल तर लाल कधी भरला ते कळणारच नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर बल्ब मोड.

केबल रिलीजचं, म्हणजे कॅमेऱ्याला वायरने जोडलेलं, बटण धरून ठेवाल तोवर शटर उघडं. वर चढणारी शेपटी दिसली की उघडा, ठिणग्या विझल्या की बंद. आवाजावर विसंबू नका. अर्ध्या किलोमीटरवरून तो दीड सेकंद उशिरा पोचतो. एकाच फ्रेममध्ये तीन-चार गोळे हवेत? शटर उघडंच ठेवा आणि मधल्या वेळात लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरा, लेन्सला न टेकवता. पुढचा गोळा चढला की पुठ्ठा बाजूला. पण गोळे वेगवेगळ्या जागी फुटू द्या. एकावर एक आले की पुन्हा पांढरा ढीग.

फोकस लांबच्या दिव्यावर जमवून मॅन्युअलवर ठेवा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा थरथराट सावरणारी सोय, बंद. वारा पाठीमागून येईल अशी जागा धरा, म्हणजे धूर तुमच्याकडे येत नाही. आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे लांब वेळेच्या फोटोतले नको ते ठिपके काढणारी सोय, बंद करा. नाहीतर सहा सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी सहा सेकंद काळी फ्रेम घेत बसतो आणि तेवढ्यात पुढचे गोळे निघून जातात. कॅमेरा आणलेल्यांनी ते आत्ताच बंद करा, अंधारात मेन्यू सापडत नाही.