१४ एप्रिल १९४४: गोदी मुंबईची पेटली, बातमी सायगॉनहून आली

नमस्कार मंडळी. महायुद्धाच्या रोजनिशीतलं आजचं पान आहे १४ एप्रिल १९४४, वार शुक्रवार.

आधी भराभर जगाची खबर घेऊ. क्रिमियात रशियन फौजांनी आदल्या दिवशी सिम्फेरोपोल परत घेतलंय, जर्मन सेवास्तोपोलकडे मागे सरकतायत. इंग्लंडमध्ये दक्षिण किनाऱ्याचा पट्टा बाहेरच्या लोकांना १ तारखेपासून बंद केलाय. काहीतरी मोठं शिजतंय हे तिथल्या दूधवाल्यालासुद्धा कळतंय, फक्त बोलायचं नाही. पुण्यात गांधीजी अजून आगाखान पॅलेसमध्ये कैदेत आहेत. कस्तुरबा तिथेच गेल्या, त्याला दोन महिनेही झालेले नाहीत.

आता ईशान्येकडे या. (पडद्यावर नकाशा.) कोहिमाला वेढा पडलाय. तिथल्या डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यामागे टेनिस कोर्ट आहे. त्याच्या एका कडेला आपल्या बाजूचे सैनिक, दुसऱ्या कडेला जपानी, आणि मधल्या जागेत हातबॉम्बची फेकाफेक. या वेढ्याच्या आधी, मार्च अखेरीस, सांगशाकला जपान्यांना काही दिवस अडवून धरलं गेलं. त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती, म्हणजे आपल्याच गावांतली पोरं. आणि तिकडून दक्षिणेला, लोकटाक तळ्याकाठच्या मोइरांगला, याच १४ एप्रिलला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. एकाच डोंगराळ मुलखात, एकाच आठवड्यात, दोन्ही बाजूंनी हिंदी माणसं. यावर वेगळा भाग करायचाय, आज नाही.

आज मुंबई. व्हिक्टोरिया गोदी, धक्का नंबर एक.

तिथे १२ तारखेपासून एक बोट लागलीय, नाव फोर्ट स्टिकीन. सात हजार टनांची, कॅनडात बांधलेली. फेब्रुवारीच्या अखेरीस इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाली, कराचीमार्गे आली. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा: टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे. शिवाय सुटी करून भरलेली लढाऊ विमानं आणि सोन्याच्या विटा. हे इंग्लंडहून. कराचीत जागा रिकामी झाली, तर त्यात काय भरलं? कापसाच्या ८७०० गाठी, वंगणाची पिंपं, लाकूड, भंगार, तांदूळ, आणि मासळीचं खत.

हा माझा डबा बघा. चार पुडांचा, रोजचाच. (डबा उघडून दाखवतो.) दोन नंबरचं भांडार, म्हणजे बोटीच्या पोटातली माल भरायची जागा, साधारण असं होतं. खालच्या पुडात कापूस. त्याच्यावरच्या पुडात स्फोटकं. तुम्ही म्हणाल, असं कोण भरतं? खुद्द कप्तान नाइस्मिथ यांनाही ते पसंत नव्हतं, त्यांनी कुरकुर केलीच होती. पण युद्ध चालू आहे, बोटी कमी आहेत, रिकामी जागा म्हणजे गुन्हा. शांततेच्या काळात दारूगोळ्याची बोट गोदीच्या आत घेतच नसत, बाहेर खाडीत उभी करून पडावांत, म्हणजे मालवाहू होड्यांत, माल उतरवायचे. तो नियम युद्धाने गुंडाळून ठेवला होता. धोक्याच्या मालाची खूण म्हणून लाल बावटा लावतात, तोही त्या बोटीवर नव्हता.

आणि उतरवायला आधी काय घेतलं? मासळीचं खत. वास सहन होईना म्हणून! दारूगोळा ज्या पडावांत उतरवायचा, ते पडावच दुसऱ्या दिवशी आले. दोन दिवस गेले तरी स्फोटकांचा मोठा साठा आतच.

शुक्रवारी दुपारची जेवणाची सुट्टी. शेजारच्या बोटीवरच्या लोकांना साडेबाराच्या सुमारास तिथून धुराची रेघ दिसली होती. त्यांना वाटलं असेल काहीतरी. दीडनंतर, कामगार परत भांडाराशी आले तेव्हा कापसातून धूर निघताना दिसला. चौकशी समितीने पुढे घातपात नाकारला. कुणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटूक असावं, असा निष्कर्ष निघाला. मला तो पटतो. कापसाच्या गाठींवर बसून झुरका मारणारे मी आजही पाहिलेत.

आता इथे जरा थांबा, कारण खरी गोष्ट या अडीच तासांत आहे.

कापसाची आग भडकत नाही, धुमसते. बाहेरून कळत नाही. सुरुवातीला आले फक्त दोन बंब. पुढे आणखी बंब आले, आणि अग्निशमन दलाने बोटीत नऊशे टन पाणी सोडलं. पण कापूस पाण्यावर तरंगतो. डबा परत बघा: खालच्या पुडात पाणी भरलं की जळती गाठ वर येते. आणि वर काय आहे? जेवढं पाणी ओतलं तेवढी आग स्फोटकांच्या जवळ सरकली.

धक्क्यावर तोवर बरेच साहेब जमले होते. एक म्हणतो बोट जागेवर बुडवा. दुसरा म्हणतो ओढून बाहेर समुद्रात न्या. तिसरा म्हणतो विझेल, विझवत राहा. दारूगोळ्याचा जाणकार अधिकारी आला, त्याने स्पष्ट सांगितलं की ही फुटली तर अख्खी गोदी जाईल. पण "मी सांगतो, बुडवा" असं म्हणून सही करणारा एक माणूस तिथे नव्हता. गोदीचा अधिकार वेगळा, बोटीचा वेगळा, लष्कराचा वेगळा. सरकारी कामाचा ज्याला अनुभव आहे त्याला हे चित्र अगदी ओळखीचं वाटेल.

बोटीच्या कुशीचा पत्रा एका ठिकाणी एवढा तापला की रंगाला फोड आले. आतलं पाणी उकळत होतं. चारला दहा कमी असताना बोट सोडायचा हुकूम निघाला. बंबवाले तरी मागे हटले नव्हते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट.

बोटीचे दोन तुकडे. जवळच चार हजार टनांची जलपद्म नावाची बोट उभी होती. ती उचलून धक्क्यावर टाकली गेली, मागचा भाग गोदामाच्या छपरावर! बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. सिमल्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकाने धक्का टिपला. आणि आकाशातून पेटलेल्या कापसाच्या गाठी मांडवी, मस्जिद बंदर, डोंगरीच्या छपरांवर पडल्या. चार चौतीसला दुसरा स्फोट, पहिल्याहून जबर.

लोकांना वाटलं जपानी आले. त्यात वेडेपणा काही नव्हता. १९४२ च्या एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले होते, चार महिन्यांपूर्वीच कलकत्त्याच्या गोदीवर पडले होते. भोंगा वाजला नाही, विमान दिसलं नाही, पण अर्धं आकाश काळं. ज्याला जमलं त्याने बोरीबंदर गाठलं आणि मिळेल ती गाडी धरून गाव जवळ केलं.

अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. कप्तान नाइस्मिथ गेले. एकूण मृत आठशे ते तेराशेच्या दरम्यान सांगतात. ही दरी एवढी मोठी का? कारण रोजंदारीवरचा गोदी कामगार. त्या दिवशी कोण कामावर होता, याची नोंद ठेवायची गरज कुणाला वाटलेली नसते. ८० हजार लोक बेघर झाले, सुमारे ५० हजारांचा रोजगार गेला. आणि ५५ हजार टन धान्य जळालं. मुंबईत रेशनिंग सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या ताज्या होत्या. अशा वेळी धान्याची गोदामं दिवसेंदिवस जळताना बघणाऱ्या माणसाचं काय झालं असेल?

दुसऱ्या दिवशी पेपर उघडून काय कळलं असेल? जवळपास काही नाही. सेन्सॉर. बाहेरच्या जगाला ही बातमी पहिल्यांदा दिली ती सायगॉन रेडिओने, १५ एप्रिलला. सायगॉन तेव्हा जपान्यांच्या ताब्यात होतं. म्हणजे ज्यांनी हल्ला केला नव्हता त्यांनीच तपशीलवार बातमी दिली. सुधीश घटक या छायाचित्रकाराने आगीचं चित्रीकरण केलं होतं, ती फिल्म लष्कराने जप्त केली. इथल्या वार्ताहरांना मोकळेपणाने लिहायची परवानगी मिळाली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. ज्या शहराने काळा धूर आठवडाभर डोळ्यांनी पाहिला, त्या शहरापासून काय लपवायचं होतं? मला विचाराल तर जपान्यांपासूनही लपलं नाहीच. फक्त मधल्या काळात अफवांचं पीक आलं.

बरं, सोनं. या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ सोन्यापासून सुरू होतात, म्हणून मी मुद्दाम मागे ठेवलं. १२४ विटा होत्या, प्रत्येकी साधारण पावणेतेरा किलोची. त्यातली एक उडून एका पारशी गृहस्थाच्या घरी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पडली. त्यांनी ती सरळ सरकारजमा केली. बाकीच्या पुढे गाळ उपसताना निघत राहिल्या. दोन तर २०११ च्या फेब्रुवारीत सापडल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक जिवंत तोफगोळाही निघाला.

आठ हजार माणसांनी सात महिने ढिगारा उपसला आणि गोदी परत चालू केली. व्हिक्टोरिया गोदी आता भरून टाकलीय, पाणी दिसत नाही. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात स्मारक आहे, आणि देशभर १४ एप्रिल अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

तुमच्या घरात कुणी गोदीत होतं का? आजोबा, पणजोबा, चाळीतलं कुणी? "गोदी फुटली तेव्हा" असं म्हणून कुणी काही सांगायचं का? त्या वर्षी गावी गेलेलं आणि परत मुंबईला न आलेलं कुणी? खाली लिहा. नाव नसलं तरी चालेल, गाव आणि काम लिहा. पुढचं पान २० एप्रिलचं, तेव्हा कोहिमाला परत जाऊ.